धुळाईची शेकोटी

एका राज्यात सात वर्षे चूल पेटली नव्हती. चकमक झाडली की ठिणगी पडायची, ठिणगी कापसाला लागायची, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विझायची. लोक भिजवलेले हरभरे खात, कच्चं पीठ पाण्यात कालवून पीत. कुंभाराची मडकी कच्चीच राहिली, लोहाराचा भाता उंदरांनी कुरतडला, बाळंतिणीला शेक मिळेना आणि मेलेल्याला अग्नी मिळेना. हे कुणामुळे झालं? राजामुळे झालं. खरं ते सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

राजाचं नाव हेमवर्मा. कानशिलावर पहिला पांढरा केस दिसला त्या दिवशी तो इतका घाबरला की ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या डोंगरातून शीतांबर नावाचा मांत्रिक दरबारात आला. एका हातात काळी काठी, दुसऱ्या तळहातावर निळा मणी.

"राजा, हा गळ्यात असेतो तुला म्हातारपण येणार नाही," मांत्रिक म्हणाला.

"मोल काय?"

"तुझ्या राज्यातला विस्तव."

राजा खो खो हसला. विस्तव तो काय, कुणाच्याही चुलीत पडलेला असतो! एवढा डोंगर उतरून आला आणि मागून मागितलं काय, तर विस्तव! राजाने मणी उचलला आणि गळ्यात घातला. जन्मात ज्याने एक चूल पेटवली नाही, त्यालाच असला सौदा सुचायचा.

आता मांत्रिकांचा एक नियम असतो. शाप घालताना त्याला एक वाट उघडी ठेवावी लागते, नाहीतर शाप टिकत नाही. शीतांबराने वाट ठेवली ती अशी: गावाबाहेरच्या बोडक्या टेकडीवर मात्र ठिणगी धरेल; सूर्य उगवल्यावर तिथे जो शेकोटी पेटवून मावळेपर्यंत जिवंत ठेवील, त्याच्या हातून शाप सुटेल. लाकूड टेकडीवरचंच घ्यायचं, खालून काही न्यायचं नाही. अंगावर असेल तेवढं चालेल. दिवसातून तीन वेळा मांत्रिक येईल. शेकोटी विझली, की पेटवणारा जागच्या जागी हिमाचा पुतळा होईल. आणि वर्ष भरलं, की पुतळा तडकून त्याचं पाणी होईल.

पुष्कळ गेले. सेनापती गेला, दोन राजपुत्र गेले, राजपुरोहित गेला. सगळे टेकडीवर पांढरे होऊन उभे राहिले, आणि वर्ष भरताच एकेकाचं पाणी होऊन ओढ्याला मिळालं. शेवटी म्हाकू नावाचा एक धनगर गेला. "कोकरं गारठून मरताहेत, बघतो तरी," एवढंच म्हणून गेला, आणि तोही पुतळा झाला.

त्याची बायको धुळाई. तिने मेंढरं सांभाळली, लोकर कातरली, आणि एकेक दिवस मोजत राहिली. वर्षाला एक दिवस उरला तेव्हा तिने घोंगडी खांद्यावर टाकली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"कोण तू?" राजाने विचारलं. गळ्यात निळा मणी, गालावर विशीतल्या पोराचं तेज.

"टेकडीवर माझा धनी उभा आहे. उद्या वर्ष भरतं. मी शेकोटी पेटवायला जाते."

"सेनापतीला जमलं नाही, तुला जमेल?"

"सेनापतीने रोज चूल पेटवली होती का, महाराज?"

दरबारात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. राजाच्या कपाळाला आठी पडली. "बाई, तुझ्या भल्यासाठी सांगतो, जाऊ नको."

"माझ्या भल्यासाठी की मण्याच्या?" धुळाई म्हणाली. "शाप सुटला तर तुमचं तरुणपण जाईल. म्हणून सात वर्षं तुम्ही नुसते उसासे टाकत बसलात. मला परवानगी नको होती, महाराज. सांगून जावं म्हणून आले."

आणि पाठ फिरवून चालू लागली! राजाला पाठ दाखवून! भालदार एकमेकांकडे बघत राहिले आणि ती दाराबाहेर पडलीसुद्धा.

पहाटे ती टेकडीवर पोचली. म्हाकू उभा होता तसाच होता. अंगभर पांढरं हिव, आणि उजवा हात पुढे केलेला, काहीतरी द्यायला करावा तसा. धुळाईने त्याच्या गालाला हात लावला आणि तो झटकन मागे घेतला, इतका तो गार होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं, कारण रडायला दिवसभरात वेळ नव्हता.

"आलीस? तूही आलीस?" खडकामागून कुणीतरी किरकिरलं. ती टिटवी होती. त्या राज्यात टिटव्या बोलत, पण चांगलं कधी बोलत नसत.

"आले. तू इथेच असतेस?"

"अंडी उघड्यावर घालते, जाणार कुठे? सात वर्षं हा तमाशा बघते आहे. सेनापतीने आख्खं झाड तोडून ठेवलं आणि खाली ठिणगी टाकली. झाड कधी ठिणगीने पेटतं का? राजपुत्रांनी वारा अडवायला चहूबाजूंनी ढाली लावल्या, शेकोटी आतल्या आत घुसमटून मेली. पुरोहिताने अंगरख्यात तुपाचा गडू आणला होता, तो एकदमच ओतला. भडका उडाला आणि संपलं."

"आणि आमच्या धन्याचं?"

टिटवीने पंख मिटले. "त्याची शेकोटी चांगली होती. दोन वेळा मांत्रिक हरून गेला. तिसऱ्या वेळी म्हातारा होऊन आला आणि विस्तव मागू लागला. तुझ्या माणसाने एक निखारा दिला. तो म्हणाला, आणखी. आणखी एक दिला. म्हणे, घरी लेकरं आहेत, आणखी. तिसरा दिला तेव्हा राखेत काही उरलं नव्हतं."

"असेच आहेत ते!" धुळाई एकदम चिडून म्हणाली. "पाहुण्याला ताट वाढतील आणि स्वतः पाणी पिऊन निजतील!"

"तू देऊ नको म्हणजे झालं."

"विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणू? आमच्या तळावर आजवर हे कुणी केलेलं नाही. त्या मेल्या मांत्रिकासाठी मी आमची रीत सोडू होय?"

"मग हो पुतळा," टिटवी म्हणाली आणि अंड्यांवर जाऊन बसली.

सूर्य उगवला. खाली टेकडीच्या पायथ्याशी माणसं जमू लागली, राजाही पालखीत येऊन बसला. आणि तेवढ्यात उत्तरेकडून शीतांबर आला. चालत नव्हता, धुक्यावर बसून आला. लांब पांढरी दाढी, पापण्यांवर बर्फाचे कण, हातात ती काळी काठी.

"पहिली खेप," तो म्हणाला आणि त्याने काठी फिरवली. टेकडीवर धुकं उतरलं आणि त्याचं पाणी झालं. दगड ओले, माती ओली, पडलेली फांदी न् फांदी ओलीचिंब.

धुळाईने पडलेल्या लाकडाला हातच लावला नाही. टेकडीवर एक हिवराचं काटेरी झाड होतं. उभ्या झाडावर वाळलेल्या काटक्या तिने एकेक मोडून पाहिल्या. वाकली ती टाकली, कट्‌कन मोडली ती घेतली. पाणी वरवर बसलं होतं, आत काडी कोरडी होती. मग ओल्या जमिनीवर तिने चपटे दगड मांडले. काटक्यांचे तीन ढीग केले: एक काडीएवढ्या, एक करंगळीएवढ्या, एक मनगटाएवढ्या. लुगड्याच्या निऱ्यांचं आतलं टोक अंगाच्या उबेने कोरडं राहिलं होतं. ते तिने फाडलं, त्याचा एकेक धागा सोडवून मऊ पुंजका केला आणि कमरेची चकमक काढली.

"लवकर कर, लवकर!" टिटवी ओरडली.

"गप गं."

ठिणगी पडली. धुळाईने पुंजका ओंजळीत धरला आणि हलकेच फुंकला, झोपलेल्या बाळाच्या कपाळावर फुंकावं तितकाच. धूर आला. मग लाल टिपका आला. मग वर्षभराने त्या राज्यात पुन्हा ज्योत उभी राहिली. तिने तिला आधी काडी भरवली, मग करंगळी भरवली. बाळसं धरलं तेव्हा मनगट दिलं, तेही रचून, मधे वाऱ्याला जागा ठेवून. खाली पायथ्याशी लोकांना धूर दिसला आणि बाया रडू लागल्या.

"ही खेप तुझी," शीतांबर म्हणाला आणि गेला.

सूर्य डोक्यावर आला तसा तो परतला. "दुसरी खेप." काठी फिरली आणि आठी दिशांनी वारा सुटला. असा वारा, की पायथ्याशी राजाची पालखी उलटली आणि राजा गवतात पडला. लोकांना त्याचं दुःख वाटलं नाही.

धुळाईने वारा अडवायचा विचारच केला नाही. तिने नखांनी आणि दगडाने जमीन उकरली, वीतभर खड्डा केला आणि जळती लाकडं हातांनी उचलून त्यात उतरवली. बोटं भाजली तेव्हा तिने मांत्रिकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो काही इथे सांगण्यासारखा नाही. खड्ड्याला एका अंगाने तिने बोटभर रुंद चर काढला. आठी दिशांचा वारा त्या चरात शिरला आणि भात्यासारखा शेकोटीला फुंकू लागला. जितका शीतांबर वारा वाढवी, तितकी आग लाल होई. धुळाई घोंगडी ओढून वाऱ्याकडे पाठ करून बसली. पाठीवर हिव जमलं, केसांच्या जटा झाल्या, दात वाजू लागले, पण ती जागची हलली नाही.

"थकलीस?" मांत्रिकाने विचारलं.

"तू थकलास का ते सांग. सकाळपासून हात तूच फिरवतो आहेस."

वारा पडला. मांत्रिक पाय आपटत गेला. पण घात झाला होता, आणि तो धुळाईला कळला होता. त्या वाऱ्याने लाकूड हावऱ्यासारखं खाल्लं होतं. हिवराच्या वाळल्या काटक्या संपल्या, बोरीची दोन झुडपं संपली. टेकडीवर आता ओलं हिरवं तेवढं उरलं होतं आणि सूर्य अजून दोन हात वर होता.

"काय करशील?" टिटवीने विचारलं. या वेळी ती किरकिरली नाही.

"निजवते," धुळाई म्हणाली.

मोठे निखारे तिने खड्ड्याच्या मधे एकमेकांना चिकटून ठेवले. एकटा निखारा लवकर मरतो, चार मिळून असले की एकमेकांना जगवतात. चर मातीने बुजवला आणि वरून मऊ राख पसरली, जाड, चारी अंगांनी. ज्वाळा गेली. धूर गेला. वरून बघणाऱ्याला राखेचा ढीग तेवढा दिसत होता. तळावर दर रात्री धुळाई हेच करी आणि सकाळी राख उकरून चूल पेटवी. पण दरबारात वाढलेल्या माणसांना ते काय माहीत? धूर गेलेला पाहून पायथ्याशी राजा टाळ्या वाजवू लागला. लोकांनी मात्र माना खाली घातल्या.

सूर्य कलला. टेकडी चढून एक म्हातारा आला. पाठीत वाकलेला, अंगावर चिंध्या, हातात काळी काठी.

"लेकी, थंडीने मरतो आहे. विस्तव देतेस का?"

"मी तुला ओळखलं, शीतांबरा," धुळाई म्हणाली. "सोंग कशाला करतोस?"

म्हातारा ताठ झाला. "ओळखलंस तर ऐक. विस्तव दिलास तर शेकोटी मरेल आणि तू पुतळा होशील. नाही दिलास तर तुमची रीत मोडली, तुझ्या कुळात पुन्हा कुणाची चूल लागणार नाही. कसंही झालं तरी मीच जिंकतो. बोल."

धुळाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली. उंचीने ती त्याच्या छातीला लागत होती.

"पुतळ्याची भीती मला घालू नको. पुतळा झाले तर मी माझ्या धन्याच्या शेजारी उभी राहीन. तू उद्या मेलास तर तुझ्या शेजारी कोण उभं राहील?"

मांत्रिकाने दाढी कुरवाळली. "विस्तव," तो म्हणाला.

"देते. नाही कोण म्हणतंय? पण माझा धनी भोळा, त्याने स्वतः उकरून तुझ्यापुढे ठेवला. रीत तशी नाही. दिवसभर राबलेल्या बाईला म्हणायचं, उठ आणि मला काढून दे? आमच्यात मागणारा आपल्या हाताने राख उकरतो आणि हवा तेवढा घेतो. हा ढीग, आणि हा तू."

शीतांबराने ढिगाकडे पाहिलं. ना ज्वाळा, ना धूर. त्याच्या ओठांवर हसू आलं. विझलीच आहे, त्याला वाटलं, आणि ही वेडी राखेची राखण करते आहे. तरी त्याने हात घातला नाही. हिमाचा माणूस तो, आगीचं नाव काढलं तरी त्याच्या बोटांना घाम फुटायचा. त्याने काठी पुढे केली, राखेत खुपसली आणि जोर लावून ढवळू लागला, उरलंसुरलं विझावं म्हणून.

अरे देवा, त्याला कुणी सांगायचं, की ढवळल्याने विस्तव मरत नसतो!

राख बाजूला झाली, चराची माती ढासळली, वारा आत शिरला आणि चार निखाऱ्यांनी डोळे उघडले. आणि ती काळी काठी म्हणजे काय होती? तीनशे वर्षांचं वाळलेलं, कधी पाऊस न लागलेलं लाकूड. धुळाई सकाळपासून त्या काठीकडेच बघत होती, आणि ती काही तिने खालून नेली नव्हती, त्यानेच टेकडीवर आणली होती. मंत्र-तंत्र तिला कळत नव्हतं, पण जन्म लाकडं वेचण्यात गेलेला. कुठलं लाकूड कसं जळेल हे ती लांबून सांगे.

काठीने टोकाला पेट घेतला. शीतांबर किंचाळला आणि ती ओढू लागला. धुळाईने दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"सोड! माझी सारी विद्या तिच्यात आहे!"

"मग बरी जळेल!" धुळाई म्हणाली आणि तिने पाय रोवून हिसका दिला. काठी तिच्या हातात आली. तिने ती गुडघ्यावर मोडली, दोनाचे चार तुकडे केले आणि खड्ड्यात रचले, मधे वाऱ्याला जागा ठेवून. एवढ्या घाईतसुद्धा जागा ठेवली बरं का.

शेकोटी माणसाच्या उंचीएवढी उसळली. पायथ्याशी लोक आरडाओरडा करत टेकडी चढू लागले. सूर्य डोंगराला टेकला, अर्धा झाला, बुडाला. शेकोटी जळतच होती.

तेव्हा शाप सुटला. शीतांबराच्या दाढीतला बर्फ वितळला आणि तिथे एक साधा, भेदरलेला म्हातारा खाली बसला. त्याने भीतभीत हात आगीपुढे धरले. मग ते मागे घेईचना. राजाच्या गळ्यातला मणी फुटून त्याचं पाणी झालं आणि ते त्याच्या छातीवरून ओघळलं. त्याचे केस पिकले, गाल बसले, सात वर्षांचं राहिलेलं म्हातारपण एका दमात आलं.

आणि म्हाकू? त्याच्या अंगावरचं हिव आधी खांद्यावरून गळालं, मग छातीवरून. पापण्या हलल्या. पुढे केलेला हात खाली आला.

"धुळाई," तो म्हणाला, "तो म्हातारा... त्याच्या घरी लेकरं आहेत म्हणत होता."

"नाहीत हो त्याला लेकरं!" धुळाई ओरडली आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. दिवसभराचं राहिलेलं रडं तिने तेव्हा एकदम रडून घेतलं.

तेवढ्यात राजा धापा टाकत वर आला. मागे भालदार होते. "ही शेकोटी राज्याची आहे," तो म्हणाला. "हिला वाड्यात न्या. पहारा बसवा. ज्याला विस्तव हवा त्याने दरबारात अर्ज करावा."

धुळाईने डोळे पुसले. म्हाकूला बाजूला केलं. आणि काय केलं म्हणता? शेकोटीत लाथ घातली! पेटती लाकडं चारी बाजूंना गेली, निखारे गवतावर विखुरले.

"उचला!" ती लोकांना म्हणाली. "खापर असेल त्याने खापरात घ्या, नसेल त्याने मातीच्या ढेकळावर घ्या. घरोघर न्या. एका शेकोटीवर पहारा बसवता येतो, महाराज. हजार चुलींवर बसवा बघू!"

भालदार एकमेकांकडे बघू लागले. मग त्यातल्या एकाने भाला खाली ठेवला, डोक्यावरचं शिरस्त्राण उलटं केलं आणि त्यात निखारा घेतला. त्याच्या घरी बाळंतीण होती. तो गेला तसे बाकीचेही गेले. कुंभारीण आली, लोहार आला, म्हाताऱ्या आल्या. निखाऱ्यांची रांग टेकडी उतरू लागली. राजा बाजूला उभा होता. थंडी वाढली तशी त्याची हाडं कुडकुडू लागली. त्या हाडांना आता थंडी बाधत होती. शेवटी तो रांगेत उभा राहिला, लोहाराच्या मागे. पाळी आली तेव्हा त्याच्याकडे खापर नव्हतं. त्याने मुकुट काढला आणि उलटा करून पुढे धरला.

धुळाईने त्याच्याकडे पाहिलं. मग एक निखारा दोन काड्यांत उचलून मुकुटात ठेवला. "राखेत झाका," ती म्हणाली. "नाहीतर घरी जाईतो मरेल." राजाने ओंजळभर राख घेतली आणि आपल्या हाताने झाकली. पुढे त्याने बरीच वर्षं राज्य केलं, आणि बरं केलं.

टेकडी रिकामी झाली. मांत्रिक म्हाताऱ्याला कुंभारीण घेऊन गेली, तिला लाकडं वाहायला माणूस हवाच होता. टिटवी अंड्यांवरून म्हणाली, "बरं झालं. आता झोपू द्या."

म्हाकूने राख उकरून पाहिली. "धुळाई, आपल्यापुरता ठेवलास ना?"

धुळाईने खड्ड्यात पाहिलं. एकही निखारा नव्हता. तिने सगळेच वाटले होते. सकाळी ज्याच्यावर ती त्यासाठी चिडली होती, नेमकं तेच करून बसली होती. म्हाकू तिच्याकडे बघून हसू लागला.

"हसू नका," ती म्हणाली आणि तीही हसली.

दोघं अंधारू लागता टेकडी उतरली. पायथ्याचं पहिलं घर कुंभारणीचं होतं. छपरातून धूर निघत होता. धुळाईने वाटेत एक फुटकं खापर उचललं, दारात उभी राहिली आणि सात वर्षं त्या राज्यात कुणी कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"विस्तव आहे का गं?"

"आहे की," आतून आवाज आला. "ये, ये, आत ये. भाकरी टाकली आहे."

चुलीशी माणसं बसली आणि अद्भुत ते सगळं इथे संपलं. उरली ती भाकरी, आणि ती त्या दोघांनी पोटभर खाल्ली.